मारुतीच्या पाटाला दोन उमेदवार

निवडणुकीला उभ्या राहिलेल्या माणसांचे मनापासून आभार मानणारा मतदार कुणी पाहिला नसेल, तर त्यानं चेन्नईत मैलापूरला येऊन मला पाहून जावं. मी एका उमेदवाराचे नाही, समोरासमोर लढलेल्या दोघांचेही आभार मानतो; आणि तेही रोज, संध्याकाळी देवापुढं दिवा लावताना. माझी बायको विद्युलता म्हणते, "अहो, देवाला कशाला सांगता ती नावं? तो काय तुमच्या मतदारसंघातला आहे?" तिला सगळी हकिगत ठाऊक आहे, तरी म्हणते.

कारण राजसबाई.

राजसबाई आमच्या गल्लीतल्या कीर्तनकार. तंजावरकडच्या जुन्या मराठी घराण्यातल्या. वडील कीर्तन करीत, आजोबा करीत, आणि त्याही मागं बघत गेलं तर थेट नारदमुनींपर्यंत वाट मोकळी आहे, असं त्या स्वतः सांगायच्या. वय ऐंशीच्या घरात, अंगानं चिपाडासारख्या. पण नऊवारी नेसून, हातात झांज घेऊन उभ्या राहिल्या की मागचा खांबसुद्धा सरळ उभा राही. माझी रेल्वेच्या हिशेब खात्यातून इकडे बदली झाली, तेव्हा मी गाडीत बसतानाच कीर्तनाच्या नावानं आंघोळ केली होती. इथं येऊन पाहतो तो कीर्तन माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर! देव कुणाला चाकरी देतो, कुणाला पदोन्नती. मला त्यानं शेजार दिला.

तर त्या वर्षी राजसबाई मला म्हणाल्या, "अप्पा, मुलगा कोइमतूरास बोलावतो आहे. जातें आतां. ह्या हनुमान जयंतीचें कीर्तन झालें की झांज ठेवणार."

शेवटचं कीर्तन! मी विचारलं, "आजी, काही करायचं असेल तर सांगा. हॉल, मांडव, माईक..."

"माईक नको." त्या एकदम ताठ झाल्या. "बाबांनी सांगून ठेवलें आहे. गळा पोचेल तेवढेच आपले. तारेवर चढून जो आवाज जातो, तो कोणाचा, कोणास ठाऊक? मज थोडी शांतता मिळाली तर पुरे."

"शांतताच ना? ती माझ्याकडे लागली," मी म्हणालो.

माणसानं आयुष्यात सोनं आणून देतो म्हणावं, वाघिणीचं दूध आणून देतो म्हणावं; विधानसभेच्या निवडणुकीच्या महिन्यात शांतता आणून देतो असं म्हणू नये. आमचं भजनमंदिर गल्लीच्या तोंडाशी, आणि त्या तोंडाशीच चहाचं दुकान. त्या दुकानाच्या उजव्या हाताला इलंगोवन या उमेदवाराचा भोंगा आणि डाव्या हाताला त्यांच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या विजयालक्ष्मीबाईंचा. मधून उंचावरून लोकलगाडी जाई तेव्हा तेवढंच जरा शांत वाटे.

आता मी राजकारणातला माणूस नव्हे. पण पन्नाशीपर्यंत कीर्तनं ऐकलेला माणूस कुठलंही भाषण त्याच कानानं ऐकतो. कीर्तनात पूर्वरंगात तत्त्व सांगायचं आणि उत्तररंगात गोष्ट रंगवायची, हे तुम्हाला ठाऊकच आहे. इलंगोवन म्हणजे नुसता उत्तररंग. उघड्या जीपमध्ये उभे, पुढं ताशे, मागं पोरं, गळ्यात हारांवर हार. तोंड उघडलं की थेट युद्धकांड. कशासाठी लढाई, राम कोण, सीता कुठं, काही पत्ता नाही, नुसते बाण. पण आवाज! काय खर्ज लावायचा तो माणूस! त्यांच्या घोषणा देणारा एक जाड मानेचा गडी होता, गळ्यात टॉवेल घातलेला. तो नुसता "अण्णन" एवढंच म्हणे आणि शंभर गळे "वाळ्ग!" म्हणून उरलेली घोषणा पुरी करीत. "अण्णन" म्हणजे थोरले बंधू, "वाळ्ग" म्हणजे चिरायू होवोत. घरात विद्युलतानं मला "अण्णा" अशी हाक मारली असती तर मीच "वाळ्ग" म्हणालो असतो, इतकं ते कानात बसलं होतं.

विजयालक्ष्मीबाई म्हणजे नुसता पूर्वरंग. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. पायी हिंडायच्या, दारोदार जायच्या, हात जोडायच्या, आणि गल्लीखालून जाणारं गटार कुठं तुंबतं, का तुंबतं, तुंबल्यावर कुठं जातं, हे इतकं समजावून सांगायच्या की ऐकणाऱ्याला वैराग्य यावं. शेवटी दृष्टांताला एक गोष्ट सांगावी, लोकांना हसवावं, ते नाही. पण नम्रता अशी, की विद्युलताच्या गुडघ्याची चौकशी त्यांनी माझ्याआधी केली. त्यांच्या रिक्षातला भोंगा मात्र त्यांच्यावर गेलेला नव्हता. तो इलंगोवनच्या भोंग्याला अरे ला कारे करी.

या दोन भोंग्यांच्या मधोमध राजसबाईंचा ऐंशी वर्षांचा गळा.

आमचे शेजारी रंगाराव हेही तंजावर मराठी, बँकेतून निवृत्त झालेले. ते सल्ला देत नाहीत, प्रसादासारखा हातावर ठेवतात; नको म्हटलं तर पाप लागायची भीती. ते म्हणाले, "कृष्णकांतराव, मी सांगतों तें ऐका. पोलीस ठेसनास जाणें. अर्ज देणें. सही-शिक्का घेणें. शिक्का असला की देवसुद्धां ऐकतो. सरी ना, ठीक ना?"

गेलो. सोबत रंगाराव, दुभाषे म्हणून. माझी तमिळ भाजीबाजारापुरती आहे. कांद्यापलीकडे माझा तिच्याशी संबंध नाही.

साहेबांनी अर्ज वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. "हनुमान जयंती? ती मार्गळी महिन्यात झाली. बंदोबस्ताला मीच होतो."

"ती इथली, सर, मार्गशीर्षातली. आमची चैत्रात असते."

"आंजनेयर दोनदा जन्मले?"

मी काही बोलणार तोच रंगाराव मदतीला धावले. "होय सर! एकदां इकडे, एकदां तिकडे!"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "झालेली जयंती परत. ऐन निवडणुकीत. कोणत्या पक्षाची आहे ही जयंती?"

तुम्हाला सांगतो, माझ्यावर हिशेबाच्या चुकीचा आरोप झाला असता तर मी सोसला असता. पण माझ्या मारुतीच्या जन्मतिथीवर संशय! मी ताठ होऊन म्हणालो, "सर, आम्हाला मिरवणूक नको, माईक नको. तास-दोन तास शांतता हवी."

"माईक नाही? मग परवानगी कशाला हवी?"

"शांततेसाठी."

साहेबांनी अर्ज माझ्याकडे परत सरकवला. मग जरा हळू आवाजात, जवळजवळ दुःखानं म्हणाले, "सार, भोंगा लावायची परवानगी माझ्याकडे मिळते. न लावायची मिळत नाही. त्या दोघांनी रीतसर परवानगी घेतली आहे. तुम्ही त्यांनाच विचारा." वर त्यांनी आम्हाला कॉफी पाजली. त्यांचेही आभार मी मानतो, फक्त रोज नाही.

तेव्हा रंगारावांना घेऊन आधी विजयालक्ष्मीबाईंकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "कीर्तन? फार चांगलं. मी बंद ठेवीन, सर. पण मी गप्प बसले आणि ते नाही बसले, तर? त्यांनी बंद ठेवला तर माझा बंद." उठता उठता म्हणाल्या, "किती माणसं येतात?"

आता खरं सांगायचं तर मागच्या वर्षी पहिली रांग भरली होती, आणि तीही निम्मी राजसबाईंच्या नातलगांची. पण आपल्या कीर्तनाची आब राखायला नको? मी म्हणालो, "हॉल पुरत नाही."

बाईंच्या डोळ्यांत मुख्याध्यापिकेच्या जागी उमेदवार उभा राहिला. "मग मीसुद्धा येईन," त्या म्हणाल्या.

इलंगोवनच्या कचेरीत तर मला बोलूच दिलं नाही. आत पाऊल टाकतो न टाकतो तोच कुणीतरी माझ्या खांद्यावर जरीची चकचकीत शाल घातली, कुणीतरी मला अण्णनच्या शेजारी उभं केलं, डोळ्यांपुढं लख्ख उजेड झाला, आणि सगळे "वाळ्ग!" म्हणून ओरडले. मग त्यांनी विचारलं, "काय काम होतं?" मी सांगितलं. इलंगोवन छातीवर हात ठेवून म्हणाले, "पाट्टींचं शेवटचं कीर्तन? सार, विजयालक्ष्मींनी भोंगा बंद ठेवला तर माझा बंद. आणि मी स्वतः येणार!" पाट्टी म्हणजे आजी. डोळ्यांत खरंच पाणी होतं माणसाच्या. मी तरंगतच घरी आलो.

दुसऱ्या दिवशी चहाच्या दुकानातून भजी आणली. पुडी सोडतो तर आत मी! इलंगोवननी वाटलेला चिठोरा होता, इकडे त्याला बिट-नोटीस म्हणतात. शाल पांघरलेला मी, खाली ठळक अक्षरांत, "मराठी समाजाचे ज्येष्ठ नेते अण्णनच्या पाठीशी." माझ्या नाकावर भज्याचं तेल पसरलं होतं. विद्युलतानं पुडी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "नेते, मीठ द्या जरा इकडं."

मी धावत विजयालक्ष्मीबाईंकडे. त्यांच्यापुढंही तोच चिठोरा. "सर," त्या म्हणाल्या, आणि तेवढ्या एका शब्दात मी इयत्ता चौथीत जाऊन पोचलो. हात जोडून, देवाची शपथ घेऊन सांगितलं की मी कुणाच्याही पाठीशी नाही, फक्त मारुतीच्या पाठीशी आहे. त्या विरघळल्या. त्यांच्या कार्यकर्त्या बायकांनी मला आरती ओवाळली, कपाळाला कुंकू लावलं. पुन्हा लख्ख उजेड झाला.

तिसऱ्या दिवशी दुसरा चिठोरा. "मराठी समाजाचे ज्येष्ठ नेते अखेर सत्याच्या बाजूला." ऑफिसात सहकारी विचारू लागले, "सार, तुमचं स्वतःचं चिन्ह कोणतं?" भजीवाला तर मला दोन चिठोरे पुढं धरून विचारी, "कशात बांधू?" रस्त्यानं मान खाली घालून चालावं, तर खाली रस्त्यावरही मीच पडलेला. मी दोन्ही बाजूंचा गद्दार ठरलो होतो, आणि कुठल्याही बाजूला न जाता. पण मनाला म्हटलं, अरे, मारुतीनं रामासाठी शेपटी जाळून घेतली, तू राजसबाईंसाठी नाकावर भज्याचं तेल सोसलंस. हरकत नाही.

जयंतीचा दिवस उजाडला. पहाटे जन्म झाला, संध्याकाळी कीर्तन. मी जाऊन पुढं पाट मांडला. जिथं रामकथा, तिथं मारुती ऐकायला येतो; त्याची जागा मोकळी ठेवायची, हा आपला रिवाज. पाटावर लाल कापड, त्यावर रुईच्या पानांची माळ. रंगारावांनी इकडच्या पद्धतीनं वड्यांची माळ आणून तीही ठेवली. म्हणाले, "दोन जयंत्या आहेत ना, दोन माळा असों दे."

आणि सहाच्या सुमाराला दोन्ही भोंगे बंद झाले.

गल्लीत जी शांतता पसरली ती ऐकून लोक घाबरून गॅलरीत आले. मी देवाला मनोमन साष्टांग नमस्कार घातला. तो पुरा व्हायच्या आत इलंगोवनची माणसं आली. पंचवीस-तीस नाही, शंभरेक. हॉल पुरत नाही, असं मीच सांगितलं होतं ना! मागोमाग विजयालक्ष्मीबाईंची माणसं, तेवढीच. अर्धा हॉल यांचा, अर्धा त्यांचा. आमची मराठी मंडळी कशीबशी खांबाला टेकून.

तेवढ्यात त्या टॉवेलवाल्या गड्याचं लक्ष पाटाकडे गेलं. सर्वांत पुढं, मधोमध, लाल कापड, हार तयार. "अण्णन, तुमची जागा!" तो ओरडला. पलीकडून बायका उठल्या. "त्यांचीच का? आमच्या मॅडमचा पाट कुठं आहे?"

"कुणाचाही नाही तो!" मी मधे धावलो. "तो आंजनेयरचा! ते येणार आहेत!"

"कधी येणार? आधी का नाही सांगितलं?" गडी संतापला. "तिसराही उमेदवार बोलावलाय यांनी!"

मग जो गलका झाला तो काय सांगू! एकानं पाट उजवीकडे ओढला, एकीनं डावीकडे. वड्यांची माळ तुटली. माझा सदरा कुणीतरी मागून धरला होता, आणि कोणत्या पक्षानं धरला आहे हे कळायला मार्ग नव्हता. आणि त्या गर्दीतून, झांज छातीशी धरून, राजसबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मी शांतता आणून देणार होतो. त्यांच्या शेवटच्या कीर्तनाला मी हे आणून दिलं होतं. वाटलं, धरणी दुभंगावी. पण ती सोय फक्त सीतामाईला.

राजसबाईंनी पदर खोचला. सरळ चालत आल्या. वाट आपोआप झाली. वाकून त्यांनी पाट सरळ केला, कापड झटकलं, आणि इलंगोवनना तमिळमधून म्हणाल्या, "बाळा, ही जागा हनुमंताची. तू त्याच्या उजवीकडे बस." मग विजयालक्ष्मीबाईंना, "तू डावीकडे, मुली. आणि आरतीआधी कुणी उठायचं नाही. उठलं तर कथेतून तो उठला असं होतं."

इलंगोवननी दोन्ही हातांनी आपल्या गालांवर चापट्या मारून घेतल्या, इकडे देवाची क्षमा मागतात तशा, आणि जमिनीवर मांडी घातली. विजयालक्ष्मीबाई पदर सावरून बसल्या. मधे रिकामा पाट. आता आधी उठेल त्याची भक्ती कमी, हे दोघांनाही कळलं होतं.

राजसबाईंनी झांज वाजवली. नमन झालं. नामघोषासाठी त्यांनी सूर लावला, "श्रीराम जय राम..." आणि गळा फाटला.

त्यांनी पुन्हा लावला. वाऱ्यानं ज्योत विझावी तसा तो मधेच विझला. इतकी शांतता, आणि तरी चौथ्या रांगेपलीकडे काही पोचलं नाही. त्या गळ्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. इतके दिवस मी बाहेरच्या आवाजाशी भांडत होतो. आतला आवाज संपला असेल हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी डोळे मिटले. मारुतीराया, आता तूच.

"जय जय राम!"

कानाचे पडदे हादरले. डोळे उघडतो तर तो टॉवेलवाला गडी उभा, हात वर, मूठ वळलेली. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. अर्धी घोषणा कानावर पडली की उरलेली अर्धी पुरी केल्याशिवाय त्याला श्वासच घेता येत नसे. त्याच्या मागून शंभर गळे, "जय जय राम!" मग पलीकडच्या कशा मागं राहतील? विजयालक्ष्मीबाईंच्या बायकांनी वरच्या पट्टीत उचललं, "जय जय राम!" इकडून खर्ज, तिकडून टीप. महिनाभर उन्हातान्हात घोटून तयार झालेले ते गळे! एकाही कीर्तनात असं धृपद धरलेलं मी ऐकलं नाही. राजसबाई नुसतं ओठांनी "श्रीराम जय राम" म्हणत, आणि हॉल उरलेलं पुरं करी.

त्यांचा चेहरा उजळला. त्या दिवशी लंकादहन लावायचं ठरलं होतं. पण त्यांनी पाटाकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, आणि लावली भरतभेट. अर्धी मराठी, अर्धी तमिळ. "एक गादी. दोघे भाऊ. आणि दोघेही काय म्हणतात? तू बस. नाही रे, तूच बस!"

मागच्यांना ऐकू येईना. "पाट्टी काय म्हणाल्या?" अशी कुजबुज झाली. तेव्हा त्या गड्यानं आपणहून वाक्य उचललं आणि सभेत पुढाऱ्याचं वचन सांगतात तसं मागं फेकलं, "गादी एक! भाऊ दोन! दोघे म्हणतात, तू बस!" आजी एक वाक्य बोलत, गडी ते पोचवी, कुठं चुकला तर पलीकडच्या बायका दुरुस्त करीत.

माझ्या कानाशी रंगाराव पुटपुटले, "अय्यो, हा तर माईकच झाला की!"

राजसबाईंचे कान अजून तरुण होते. कथा न थांबवता त्या म्हणाल्या, "माईक नव्हे, रंगा. ह्यास तार कुठें आहे? हा माणूस आहे."

भरतानं पादुका डोक्यावर घेतल्या, रिकाम्या गादीवर ठेवल्या, तेव्हा कुणीतरी भान हरपून ओरडलं, "भरतन!" आणि अख्खा हॉल, दोन्ही पक्ष, "वाळ्ग!" मीही म्हणालो. इलंगोवन जरीच्या शालीनं डोळे पुसत होते. विजयालक्ष्मीबाईंनी रुमाल काढला, क्षणभर विचार केला, आणि पाटावरून हात लांब करून त्यांना दिला. शाल टोचते हो डोळ्यांना.

आरती झाली. मी सर्वांना बुक्का लावला. कपाळं तेवढी दिसत होती. कुठल्या बाजूचं कोण, मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही भोंगे पुन्हा सुरू झाले. एका दिवसाचा उपास सोडल्यासारखे. निवडून कोण आलं ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि माझं मत गुप्त आहे. विद्युलतालाही सांगितलेलं नाही, ती म्हणते, "तुम्ही दोघांनाही दिलं असेल."

राजसबाई प्रचाराच्या ऐन धामधुमीतच मुलाकडे कोइमतूरला गेल्या. ट्रंक, वळकटी आणि झांज रिक्षात ठेवून मी त्यांना स्टेशनवर पोचवायला निघालो. गल्लीच्या तोंडाशी रस्ता बंद. एका बाजूनं इलंगोवनची जीप, दुसऱ्या बाजूनं बाईंची पदयात्रा, कुणी मागं सरायला तयार नाही. गाडी चुकणार, म्हणून माझा जीव वर-खाली.

टॉवेलवाल्या गड्यानं रिक्षात वाकून पाहिलं. हात वर केला. भोंगा थांबला. पलीकडचाही थांबला. त्यानं राजसबाईंकडे पाहिलं, वाट बघत.

आजींनी रिक्षातून मान बाहेर काढली आणि जेमतेम मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "श्रीराम जय राम."

काय उत्तर आलं ते मी लिहीत नाही, तुम्ही म्हणालाच आहात. जीप मागं सरली, पदयात्रा कडेला झाली, चहावाल्यानं दुकानातून हात जोडले. रिक्षा मधून निघाली. वळण घेऊन आम्ही लोकलच्या पुलाखाली आलो तरी मागून ते येतच होतं.

राजसबाई कानामागं हात धरून ऐकत होत्या. मग मागं टेकून बसल्या.

"अप्पा," त्या म्हणाल्या, "बाबांनी सांगितलें होतें, गळा पोचेल तेवढेच आपले. केवढा मोठा संसार झाला रे आपला!"